कात्री की पाटकरी?

क्रिस्परला मराठीत ‘जनुकीय कात्री’ म्हणतात. २०२० मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांना त्यासाठी नोबेल मिळालं. रूपक सोपं आहे, लक्षात राहतं. पण त्यात कापणं दिसतं, कापून काय कळलं ते दिसत नाही.

रावेर-यावलच्या बागांतली ग्रँड नैन घ्या. जनुकसंचाच्या तीन प्रती, फळात बी नाही. संकर करून, पिढ्या मोजून एखादं जनुक काय करतं हे शोधायची वाट जवळपास बंद. मग उरतं एवढंच: जनुक बिघडवायचं आणि झाडाचं काय होतं ते बघायचं. कात्री फक्त चीर देते. ती सांधते पेशी स्वतःच, आणि सांधताना एखादं अक्षर गळतं किंवा जास्तीचं घुसतं. जनुक मोडतं ते तिथे.

मोहालीच्या ‘नाबी’ संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये रस्थाली वाणात पीडीएस हे जनुक असंच मोडलं. रोपं पांढरीफटक निघाली, काही चट्ट्यापट्ट्यांची. बाजारात त्यांना कोण विचारणार? पण उत्तर त्या पांढरेपणातच होतं: कॅरोटिनॉइड बनणं थांबलं, आणि त्यांच्या आडोशाविना हरितद्रव्य उजेडात टिकेना. २०२० मध्ये तिथेच ग्रँड नैनमधलं एलसीवाय-एप्सिलॉन बंद केलं. गरातलं बीटा-कॅरोटीन सहापटीपर्यंत वाढलं. बातमीला एवढं पुरतं. त्याच गरातलं ल्युटीन आणि अल्फा-कॅरोटीन मात्र साफ घटलं, काही रोपांत उरलंच नाही.

हे कात्रीला सांगता येत नाही. धुळ्याकडच्या पाटकऱ्याला येईल. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या. पाटाचं तोंडच बुजवलं तर सगळा फड वाळतो, ते पीडीएस. एक चारी अडवली तर पाणी दुसरीत चढतं आणि पहिलीखालचं रान कोरडं पडतं, ते एलसीवाय-एप्सिलॉन. केळीत तर प्रत्येक चारीला तीन-तीन दारं, एक उघडं राहिलं तरी पाणी झिरपणार.

मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचं जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतल्या काही अटींतून सूट दिली. असं वाण उद्या बांधावर आलं, तर ‘काय वाढलं’ हे विक्रेता सांगेलच. कोणती चारी कोरडी पडली, हे आपल्याला विचारावं लागेल.

अर्थात माझंही रूपक एका जागी अडतं. पाटकरी पाळी संपली की दार पुन्हा उघडतो. केळीतलं बंद झालेलं दार पुढच्या प्रत्येक पिलात बंदच उतरतं.