बिटकॉइनच्या नऊ पानांतला ‘जर’

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी (ती एक व्यक्ती होती की गट, हे अजूनही उलगडलेले नाही) गूढलिपीशास्त्राच्या अभ्यासकांसमोर एक निबंध ठेवला. नऊ पाने, बारा छोटी प्रकरणे आणि शेवटी आठ संदर्भ. या नऊ पानांवर पुढे केवढे लेखन झाले! भाष्ये, भाषणे, प्रशस्ती, शिव्याशाप, सगळे काही झाले. त्यातले बरेचसे लेखन वाचले की एकच शंका येते: मूळ निबंध यांपैकी किती जणांनी वाचला असेल? तो काही दुर्बोध नाही. अकराव्या प्रकरणातले संभाव्यतेचे गणित बाजूला ठेवले, तर वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तो दोन बैठकांत समजेल. इथे तो एक संहिता म्हणून वाचायचा आहे. निबंध स्वतः काय म्हणतो आणि त्याच्या नावावर काय काय खपवले गेले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहे.

आधी त्यात काय नाही ते पाहू. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली १५ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे निबंधाच्या जेमतेम दीड महिना आधी. निबंधात त्या संकटाचे नावही नाही. बँकांना सरकारने दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतासंबंधीचा लंडनच्या ‘टाइम्स’चा मथळा ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये कोरला गेला. तो प्रसिद्ध झाला आणि मग निबंधही त्याच संतापातून लिहिला गेला असे सर्रास सांगितले जाऊ लागले. ‘ब्लॉकचेन’ हा जोडशब्द निबंधात नाही. जिचा मंत्रासारखा जप होतो ती २ कोटी १० लाख नाण्यांची कमाल मर्यादाही नाही. ठरावीक संख्येची नाणी चलनात आल्यावर पुढे केवळ व्यवहारशुल्कावर व्यवस्था चालू शकेल, एवढेच तो म्हणतो. सोन्याचा उल्लेख एकदाच येतो, तोही खाणीतून सोने काढायला श्रम लागतात तसे इथे संगणकाचे श्रम लागतील, या उपमेपुरता. भाव वाढेल, कुणी श्रीमंत होईल, असे एक अक्षरही नाही.

मग तक्रार काय आहे? ती आहे दुकानदाराची. इंटरनेटवरचा व्यवहार बँक किंवा तत्सम मध्यस्थामार्फत होतो. मध्यस्थ आला की तंटे सोडवणे आले, आणि तंटे सोडवायचे तर दिलेले पैसे परत फिरवण्याची सोय ठेवावी लागते. त्यामुळे विकलेल्या मालाचे पैसे आपलेच राहतील याची विक्रेत्याला खात्री नाही. म्हणून तो गिऱ्हाईकाकडे संशयाने बघतो आणि नको तेवढी माहिती मागतो. शिवाय मध्यस्थीच्या खर्चामुळे अगदी किरकोळ रकमांचे व्यवहार परवडत नाहीत. यावर निबंधाचा उपाय असा: परत फिरवताच येणार नाहीत असे व्यवहार. गिऱ्हाईकाच्या संरक्षणासाठी रक्कम तात्पुरती तिसरीकडे अडकवून ठेवण्याची व्यवस्था सहज करता येईल, एवढे एका वाक्यात सांगून निबंध पुढे जातो. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या कहाण्यांत ज्यांचे पैसे गेले, त्यांना नेमके तेच हवे होते जे निबंधाने प्रस्तावनेतच दोष म्हणून बाजूला काढले होते: व्यवहार उलटवण्याची सोय.

(किरकोळ रकमांची गोष्ट मजेशीर आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने आपल्याकडे चहाच्या टपरीवरचे दहा रुपये फोनवरून देता येऊ लागले, आणि तेही बँका, केंद्रीय यंत्रणा, नियामक असे सगळे मध्यस्थ जागच्या जागी ठेवून. खर्च कुणीतरी सोसतोच. पण मध्यस्थ आहे तोवर किरकोळ व्यवहार होणारच नाहीत, हे निदान टिकले नाही.)

निबंधाची खरी कामगिरी तांत्रिक आहे आणि ती मोठी आहे. संगणकातल्या कोणत्याही गोष्टीची हुबेहूब नक्कल होते. मग तेच नाणे दोघांना दिले नाही, हे बँकेशिवाय कोण सांगणार? नाकामोतोचे उत्तर असे: सर्व व्यवहार सर्वांसमक्ष जाहीर करा आणि त्यांचा क्रम पक्का करा. व्यवहारांचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो आणि तो बनवायला संगणकाला पुष्कळ राबावे लागते. मागचे एक पान बदलायचे तर त्यानंतरची सगळी पाने पुन्हा राबून लिहावी लागतात, आणि तोवर बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. मराठीत या रचनेला ‘सार्वजनिक खातेवही’ म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. खातेवहीत माणसागणिक खाते आणि शिल्लक असते. इथे आहे ती रोजकीर्द: घडले त्या क्रमाने व्यवहार, आणि शिल्लक ज्याची त्याने त्यावरून काढायची. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या घरांतल्या माणसांना हा फरक समजावून सांगायला नको.

या साऱ्या रचनेला एक अट आहे आणि निबंध ती लपवत नाही. एकूण गणनशक्तीपैकी निम्म्याहून अधिक जर प्रामाणिक मंडळींच्या हाती असेल, तर ही साखळी विश्वसनीय. हा ‘जर’ सारांशात आहे, आत पुन्हा पुन्हा आहे आणि अकराव्या प्रकरणात तर त्याचे कोष्टकच दिले आहे. हल्लेखोराकडे दहा टक्के शक्ती असेल, तर फसवणुकीची शक्यता हजारात एकाहून कमी व्हायला पाच ब्लॉक थांबणे पुरे. तीस टक्के असेल तर चोवीस ब्लॉक. पंचेचाळीस टक्के असेल तर तीनशे चाळीस. एवढी शक्ती असलेला माणूस लबाडीऐवजी नियमाने वागणेच फायद्याचे मानील, असेही म्हटले आहे. पण ती अपेक्षा म्हणून, सिद्धता म्हणून नव्हे. स्वतःच्या कल्पनेची मोडण्याची रेघ आकड्यांत आखून देणारा हा लेखक प्रचारक नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला बिटकॉइनमधून देणग्या द्याव्यात असा उत्साह उसळला, तेव्हा तो थोपवू पाहणाऱ्यांत नाकामोतो होता. प्रकल्प हळूहळू वाढू द्या, असे त्याचे म्हणणे होते.

पहिल्या प्रतिसादांतही हीच शिस्त दिसते. जेम्स डोनाल्ड यांनी काही दिवसांतच मर्मावर बोट ठेवले: प्रत्येकाचा प्रत्येक व्यवहार सगळ्यांपर्यंत जाणार असेल, तर ही व्यवस्था जगाच्या गरजेइतकी मोठी होईलसे दिसत नाही. नाकामोतोचे उत्तर आज वाचताना चमकायला होते. सामान्य वापरणाऱ्याला सगळी नोंद बाळगायची गरज नाही. व्यवस्था वाढेल तसे ते काम मोठमोठी यंत्रे बाळगणाऱ्या विशेषज्ञांकडे जाईल. म्हणजे ज्याला पुढे लोकशाही पैसा म्हणून डोक्यावर घेतले गेले, तो काही थोड्या मोठ्यांच्या हाती जाईल ही शक्यता जनकाने पहिल्याच आठवड्यात मान्य केली होती.

हॅल फिनी हे बिटकॉइनचे पहिले जाणकार चाहते. १२ जानेवारी २००९ रोजी नाकामोतोने पाठवलेली दहा नाणी त्यांनाच मिळाली. त्या सुमारास त्यांनी एक हिशेब मांडला होता. बिटकॉइन जर यशस्वी होऊन साऱ्या जगाचे देण्याघेण्याचे साधन बनले, तर जगातली कौटुंबिक संपत्ती दोन कोटी नाण्यांत वाटून एकेका नाण्याची किंमत सुमारे एक कोटी डॉलर होईल. फिनींनी हा खेळ गमतीचा विचारप्रयोग म्हणूनच मांडला होता. पुढे एक कोटी डॉलर हा आकडा तेवढा पसरला आणि त्याच्या आधीचा ‘जर’ वाटेत गळून पडला. सुरुवातीच्या उत्साहाचा सगळा इतिहास मला या एका गळतीत दिसतो.

‘इथे कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही’ हे घोषवाक्य अशाच गळतीतून तयार झाले. १५ ऑगस्ट २०१० रोजी प्रणालीतल्या एका चुकीमुळे एका ब्लॉकमध्ये अठरा हजार कोटींहून अधिक नाणी निर्माण झाली. काही तासांत दुरुस्ती निघाली आणि ती साखळी टाकून देण्यात आली. ही दुरुस्ती गणिताने नव्हे, मूठभर माणसांनी केली आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला. मार्च २०१३ मध्ये दोन आवृत्त्यांचे जुळेना म्हणून साखळीला फाटा फुटला, तेव्हाही प्रोग्रॅमर मंडळींनी मोठ्या मायनिंग गटांना विनंती करून जुन्या आवृत्तीवर आणले. जून २०१४ मध्ये ‘जीहॅश’ नावाचा एकच गट निम्म्या गणनशक्तीच्या रेषेपर्यंत पोहोचला. ज्या ‘जर’वर सारे उभे होते तोच डळमळला. त्या गटाने पुढे स्वतःहून मर्यादा पाळू असे आश्वासन दिले. आश्वासन म्हणजे काय, तर विश्वासच! या तिन्ही प्रसंगांत माणसे नीट वागली, हे नोंदवायला हवे. पण माणसे नीट वागली म्हणून निभावले, हेही नोंदवायला हवे.

बाहेरच्या वर्तुळात माणसे तितकी नीट वागली नाहीत. टोकियोचे ‘माउंट गॉक्स’ हे एके काळी जगातले सर्वांत मोठे बिटकॉइन एक्स्चेंज. लोक नाणी तिथेच ठेवत, म्हणजे नको असलेला मध्यस्थ पुन्हा मधे आणून बसवत, आणि तोही कुणाचा धाक नसलेला. जून २०११ मध्ये तिथे चोरी झाली, तेव्हा आपल्याकडे नाणी आहेत हे दाखवायला चालकाने ४,२४,२४२ नाणी एका व्यवहारात हलवून दाखवली. टाळ्या पडल्या. देणी किती आहेत हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडाला. कोणत्याही हिशेबतपासनिसाने तो आधी विचारला असता. जुलै २०१३ मध्ये पैसे मिळायला उशीर होऊ लागल्यावर रॉजर व्हर या नामवंत पुरस्कर्त्याने चित्रफीत काढून ग्वाही दिली की अडचण बँकांमुळे आहे, एक्स्चेंजकडे पैसा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते एक्स्चेंज कोसळले. सुमारे साडेआठ लाख नाणी गेल्याचे सांगण्यात आले. त्यांतली दोन लाख नंतर सापडली. व्हर यांनी माफी मागितली.

टेक्सासच्या ट्रेंडन शेव्हर्सची गोष्ट तर अधिक उघडीनागडी आहे. त्याच्या योजनेचे नाव ‘बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट’. नावातच ट्रस्ट! आठवड्याला सात टक्क्यांपर्यंत व्याजाचे आश्वासन होते. चक्रवाढीने मोजले तर वर्षात मुद्दल तेहतीसपटीहून अधिक होते. निदान सात लाख नाणी त्याने गोळा केली आणि २०१२ मध्ये योजना बसली. गणिताचे प्रेम मिरवणाऱ्या मंडळींत हे घडले.

संशयवाद्यांचीही झडती घ्यायला हवी, कारण सगळा संशय निरोगी नसतो. ‘हे ट्यूलिपचे वेड आहे, उद्या शून्य होईल’ हे पालुपद २०११ पासून चालू आहे. त्या वर्षी भाव तीस डॉलरच्या आसपास जाऊन दोनवर आला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलर ओलांडले. शून्याचे भाकीत करणारे निबंधाशी वाद घालतच नव्हते. तेही भावाकडेच बघत होते, चाहत्यांसारखेच, फक्त मान उलट बाजूला वळवून. भाव चढला म्हणून निबंधाचा दावा सिद्ध होत नाही आणि पडला म्हणून खोटाही ठरत नाही. दावा होता रोखीसारख्या वापराचा, आणि त्या कसोटीवर सेकंदाला सुमारे सात व्यवहार पेलणारी ही साखळी डोनाल्ड यांच्या शंकेपाशीच उभी आहे. डोनाल्ड यांचा संशय मला मोलाचा वाटतो तो यामुळे, की त्यांनी आधी निबंध समजून घेतला आणि मग तो कुठे अडेल ते सांगितले.

हे सारे आपल्या दाराशी आले ते ‘गेन बिटकॉइन’च्या रूपाने. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजीच सावधगिरीचा इशारा दिला होता, पण इशारा सर्वच आभासी चलनांबद्दल होता आणि गेन बिटकॉइन बोलत होते थेट बेरजेच्या भाषेत. एक बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परत घ्या, म्हणजे एकाचे एक पूर्णांक आठ. शिवाय नवे सभासद आणले की वेगळे कमिशन. पैसा मायनिंगमधून येईल असे सांगितले जात होते.

इथे निबंधाचे चौथे प्रकरण उघडावे. यंत्रांचा वेग वाढेल तसे ब्लॉक बनवण्याचे कोडे आपोआप कठीण होते, म्हणजे तासाला बनणारे ब्लॉक सरासरीने तेवढेच राहतात. दहा मिनिटांना एक धरला तर दिवसाला १४४. जुलै २०१६ नंतर प्रत्येक ब्लॉकमागे साडेबारा नवी नाणी, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला १,८००. यात कुणाचा वाटा किती, हे त्याच्या यंत्रांवर तर ठरतेच, पण इतरांनी किती यंत्रे लावली यावरही तेवढेच ठरते. २०१६ आणि २०१७ मध्ये जगाची एकूण गणनशक्ती कित्येक पटींनी वाढली. अशा वेळी अठरा महिने तेवढीच नाणी मिळत राहतील अशी हमी मायनिंगच्या जोरावर कुणीही देऊ शकत नाही. हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ज्याच्या नावावर हे विकले जात होते, त्याच निबंधाचे तिसरे पान पुरेसे होते. पण ते इंग्रजीत होते, आणि योजना सांगायला येणारा माणूस बहुधा ओळखीचा होता. भिशी ओळखीवर चालते, कारण भिशी बुडवणारा गल्लीतच राहतो. इथे ओळख तेवढी उसनी घेतली होती. २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या घरच्याच टोकनमध्ये मिळू लागला. तोवर पुष्कळांचे हात अडकले होते.

पुण्यात दत्तवाडी आणि निगडी इथे गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाज यांना अटक केली. खटला निकाली निघण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, आभासी चलन समजते म्हणून पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने अनेक शहरांत झडत्या घेतल्या. ती नाणी कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर गेली, हे त्या सार्वजनिक रोजकीर्दीत कुणालाही वाचता येते. त्या पत्त्यांमागची माणसे कोण, हे तपासयंत्रणांना अजूनही जुन्याच पद्धतीने, कागद आणि जबाब जमवून शोधावे लागते आहे.