हिब्रू पुरले, मराठी रद्दीत गेले

बेने इस्राएलांवर मराठीत जे लेख येतात, त्यांतले बहुतेक नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. फुटलेले जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’. ही कथा समाजाची स्वतःची आहे, तिचा मान ठेवायलाच हवा. पण ज्या घटनेचा एकही कागद नाही तिच्यावर पानेच्या पाने खर्च करायची आणि दीडशे वर्षांपूर्वीचा छापील कागद डोळ्यांदेखत जाऊ द्यायचा, याला संशोधन म्हणवत नाही.

थोडा दोष हाईम सॅम्युएल केहीमकरांच्या ग्रंथाकडेही जातो. १८९७ मध्ये त्यांनी तो इंग्रजीत सिद्ध केला. छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या पश्चात. चाळीस वर्षे हस्तलिखित टिकले हेच नशीब. समाजाचे प्राचीनत्व पटवणे हा त्यातला मोठा हेतू, आणि पुढच्यांनी तेवढेच उचलले. त्याच सुमारास आमच्या शेजारी, मिरजेत, वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापत होते. तासगावच्या परशुरामभाऊंच्या हालचाली आज आम्हाला तारीखवार सांगता येतात त्या खरेशास्त्र्यांमुळे. मूळ कागदच लोकांपुढे ठेवणारा असा माणूस बेने इस्राएलांना लाभला नाही.

कागद नव्हता असे मुळीच नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत निघाली, १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास तर कीर्तने उभी राहिली. आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे, आणि चाल साकी-दिंडीची! आपल्या वाङ्मयेतिहासांत याला ओळभर जागा मिळाली तरी पुष्कळ.

यातली हग्गादा आज सापडते, कीर्तनाच्या चोपड्या मात्र दुर्मीळ. असे का? देवाचे नाव असलेले जीर्ण हिब्रू लेखन यहुदी जाळत नाहीत, टाकत नाहीत. साठवून पुढे दफनभूमीत पुरतात. कैरोच्या सिनेगॉगमधला असा साठा पुरायचा राहून गेला, म्हणून मध्ययुगात हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे जगाला वाचायला मिळाली. हग्गादेत हिब्रू आहे, त्यामुळे परदेशी संग्राहकांनीही ती जपून ठेवली. निव्वळ मराठी चोपडीला ना पुरण्याचा मान, ना संग्राहकाची किंमत. ती रद्दीत गेली असावी, असा माझा तर्क आहे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. ट्रंकेत काही गेलेही असेल, पण तिथल्या नातवंडांची भाषा हिब्रू. मराठी वाचणारे आपण इथे, आणि आपल्याला वाटते, हा विषय त्यांचा.

शोध कुठून धरायचा? १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापील पुस्तकाची सरकारात नोंद सक्तीची झाली. मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्यांत नाव, छापखाना, पाने, प्रती, किंमत अशी माहिती मिळते. पुस्तक नाहीसे झाले तरी ते होते, एवढे त्यांवरून ठरते. त्या याद्या आणि आजच्या ग्रंथालयांच्या सूची समोरासमोर ठेवल्या, की काय हरवले ते कळू लागते. कोकणातल्या दफनभूमींतले हिब्रू-मराठी शिलालेखही पावसाने पुसण्याआधी उतरवून घ्यायला हवेत.

माझ्याकडे सांगलीच्या रद्दीतून किलोच्या भावाने आलेली एक चोपडी आहे. साकीत ‘योसेफ’ दिसला म्हणून हात थांबला. मुखपृष्ठ नाही, पहिली दोन पाने नाहीत. शेवटचे पान मात्र शाबूत आहे. सध्या यादीतल्या पृष्ठसंख्येशी ते जुळवून पाहतो आहे.