तीन खाती, एक सही

साहित्याशी आमच्या वाशीमचं नातं फार जुनं. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, आणि वत्सगुल्म म्हणजेच आमचं वाशीम. तेही गांधर्व पद्धतीने. म्हणजे मंगल कार्यालय नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत. तेव्हा याच गावात बँकेत कारकुनी करणाऱ्या बी.कॉम. माणसाने थोडी समीक्षा केली, तर वधूपक्षाकडचा समजून वाचकांनी पंगतीला बसू द्यावं.

निमित्त ‘ययाति’चं. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ साली आली आणि १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार तिने मिळवला; मराठीला मिळालेला तो पहिलाच. कॉलेजात वाचली तेव्हा मी संपूर्ण ययातीच्या बाजूचा होतो. त्या वयात दुसरी बाजू असते कुठे? परवा पंचविसेक वर्षांनी पुन्हा हातात घेतली, ती मात्र खातेवही उघडावी तशी.

कारण कादंबरीची बांधणीच तशी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने ‘मी’ म्हणून आपापली हकीगत सांगतात. म्हणजे तीन स्वतंत्र खाती. एकेक खातं वाचावं तर व्हाउचरसकट पटतं. आमच्या सौ.नी देवयानीची पानं वाचून चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अहो, तिचं काय चुकलं?” (वास्तविक माझा काहीच संबंध नव्हता.) शर्मिष्ठेची पानं झाल्यावर मात्र दोन दिवस त्यांनी देवयानीचं नाव काढलं नाही. घोळ होतो तो ताळा जमवायला बसल्यावर. प्रत्येकाच्या वहीत स्वतःची बाकी जमेची. दुष्ट माणूस कुठेच सापडत नाही, आणि दुष्टपणा तर पानोपानी झालेला! मला वाटतं, खांडेकरांची खरी करामत इथे आहे.

आणि कच? या कादंबरीतला सर्वांत सज्जन माणूस, पण त्याचं खातंच उघडलेलं नाही. तो दिसतो तो इतरांच्या साक्षीतून. त्यालाही ‘मी’ म्हणून बोलायला दिलं असतं, तर कदाचित तोही थोडा आपल्यासारखाच निघाला असता.

एक शेरा मात्र मारायलाच हवा. खाती तीन असली तरी सही एकच आहे. राजा बोलो की दासी, उपमा तितक्याच नटलेल्या, सुभाषितं तितकीच तयार. असे तीन चेक माझ्या काउंटरवर आले असते, तर मी मुकाट्याने साहेबांकडे सरकवले असते.

पण पुरूपाशी आलो आणि शेरे मारणारं पेन थांबलं. बापाने मुलाकडे तारुण्य उसनं मागावं! महाभारतात ययाति ते हजार वर्षं वापरतो. खांडेकर त्याला एवढी मुदत देत नाहीत. कॉलेजात असताना हा भाग मला अद्भुत वाटला होता. आता घरात बारावी झालेला मुलगा आहे. त्याला मराठी घेऊन बी.ए. करायचंय. मी त्याला महिनाभर समजावतोय: कॉमर्स घे, बँकेच्या परीक्षा दे, माझ्या वडिलांनी मलाही असंच सांगितलं होतं. माझ्या वहीत हे सगळं प्रेमाच्या सदरी, जमेला.

त्या रात्री पुन्हा तेच सुरू केलं. पोराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही ‘मी’ म्हणून फार छान बोलता.”

कादंबरी त्याच्याही वाचनात आलेली दिसते.

प्रवेशाचा अर्ज टेबलावर आहे. शाखेचा रकाना कोरा आहे आणि खाली पालकाची सही मी करून ठेवलीय. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे नोकरीतल्या पहिल्या दिवशी शिकलो होतो. इतक्या वर्षांत नियम मोडला तो हा पहिलाच.