तरवार आणि कर्जरोखा

१९२५ सालीं जपानांत ‘ओरोची’ हा मूकपट निघाला. त्याच सालीं कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फें ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणिला. दोहोंचा नायक एकच – अन्यायानें गांजलेला माणूस. परंतु ‘ओरोची’ची प्रत टिकली आणि आपल्या मूकपटाची आज मिळत नाहीं, तेव्हां ही तुलना म्हणजे एक पक्षकार हजर व दुसरा गैरहजर असतां चालविलेला खटला आहे, हें वाचकांस आधींच सांगितलेलें बरें.

फुतागावा बुनतारो यानें दिग्दर्शित केलेल्या ‘ओरोची’चा नायक हलक्या दर्जाचा सामुराई आहे. त्याचा हेतु निर्मळ. पण त्याच्या प्रत्येक कृतीचा लोक विपरीत अर्थ लावितात. गुरुगृहांतून त्याची हकालपट्टी होते, गुरुकन्या दुरावते, आणि तो जाईल तेथें दुष्ट ठरतो. बांदो त्सुमासाबुरो या नटानें ही भूमिका अंगांत भिनवून घेतली आहे. अखेरच्या झुंजींत शिपायांच्या गर्दींतून तो तरवार चालवितो, तेव्हां तींत शौर्यापेक्षां थकवाच अधिक दिसतो. हें मला फार मोलाचें वाटतें. तो पकडला जातो, आणि त्यानें वांचविलेलें दांपत्य तेवढें त्याला हात जोडतें. मात्र गैरसमजांची रास इतकी वाढते कीं, याचा छळ जग करीत नसून कथालेखकच करीत आहे, अशी शंका मधूनच येते.

‘सावकारी पाशा’स ही शंका शिवत नाहीं. कथा ना. ह. आपटे यांची, शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरांत मजूर होतो. सामुराईपुढें घाव घालण्याजोगा शत्रु निदान उभा असतो. कर्जरोख्याशीं झुंजावें कसें? दिग्रससारख्या कापसाच्या मुलखांत हा प्रश्न कोणास समजावून द्यावा लागत नाहीं.

या कथेच्या पुढच्या बोलपटांतील एक अंधुक प्रकाशांतली झोंपडी आणि तेथें रडणारें कुत्रें जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणांत पुढें अनेक वर्षें राहिलें. जपानांत पडद्याशेजारीं उभा राहून कथा बोलणारा ‘बेन्शी’ असे.  १९३६ सालीं पेंटरांनीं हीच कथा पुन्हां बोलपटांत आणिली. वाडियांच्या आठवणींतली झोंपडी ती याच बोलपटांतली.