मेंदूतील गाठीची श्रेणी आणि रुग्णाची दैनंदिन कार्यक्षमता : एक चिकित्सक समीक्षा

प्रस्तावना :
मेंदूतील गाठीचे निदान झाल्यावर रुग्णाच्या कागदपत्रांत श्रेणीला अग्रस्थान मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १ ते ४ अशा श्रेणी असून, त्या गाठीची वाढती आक्रमकता दर्शवितात. त्यामुळे श्रेणी जेवढी वरची, तेवढी कार्यक्षमता कमी, असे समीकरण सहज मांडले जाते. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केली आहे.

श्रेणीचा अर्थ :
श्रेणी ही गाठीच्या संभाव्य वाटचालीची निदर्शक आहे. श्रेणी ४ च्या ग्लायोब्लास्टोमात कार्यक्षमता लवकर ढासळते, हे निर्विवाद आहे. परंतु आज रुग्ण काय करू शकतो, हे गाठीचे स्थान, आकार, भोवतालची सूज, आकडी आणि उपचारांचे परिणाम यांवरही अवलंबून असते. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर दाब देणारा श्रेणी १ चा मेनिन्जिओमा हात दुर्बळ करू शकतो. उलट श्रेणी ४ चा रुग्ण काही काळ स्वतःची सर्व कामे करू शकतो. २०२१ च्या पाचव्या वर्गीकरणानुसार सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य भासणारी काही गाठ जनुकीय लक्षणांवरून थेट श्रेणी ४ ठरते. उपचारांच्या दृष्टीने ही प्रगती मोलाची आहे. मात्र अशा वेळी श्रेणी बदलली तरी रुग्णाची त्या दिवसाची क्षमता तीच राहते.

मापनपद्धतींच्या मर्यादा :
कार्यक्षमता स्वतंत्रपणे मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेल्या कार्नोफ्स्की पट्टीत ० ते १०० गुण असतात. ७० गुणांचा रुग्ण स्वतःची काळजी घेतो, पण नेहमीचे काम करू शकत नाही. १९६५ चा बार्थेल निर्देशांक जेवण, स्नान, कपडे घालणे, जिना चढणे अशा १० बाबी तपासतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याहून विस्तृत, ३० घटकांची पद्धत वापरून कार्यक्षमतेवर परिणाम करणाऱ्या घटकांचा शोध घेतला. ही दिशा स्वागतार्ह आहे. तथापि अशा पट्ट्यांचा भर स्वतःच्या देहाची निगा, वावर व संवाद यांवर आहे. उपजीविकेच्या कामाचे स्वरूप त्यांत उमटत नाही.

हिंगोलीचा संदर्भ :
हिंगोली व वसमत परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळद काढणे, शिजविणे, वाळविणे ही कामे वाकून, उन्हात आणि उकळत्या कढईजवळ किंवा बॉयलरजवळ करावी लागतात. सौम्य श्रेणीच्या ग्लायोमात आकडी हे वारंवार आढळणारे लक्षण आहे. असा रुग्ण बार्थेलमध्ये पूर्ण १०० गुण मिळवू शकतो. तरीही त्याने आगीजवळ, विहिरीवर वा ट्रॅक्टरवर एकट्याने काम करणे धोक्याचे असते. कागदावर गाठ सौम्य आणि रुग्ण स्वावलंबी; प्रत्यक्षात शेतमजुराची रोजी बंद! घरच्यांनाही मग तो काम टाळतो असे वाटू लागते. श्रेणीवर विसंबलेली नोंद या गैरसमजाला खतपाणी घालते.

समारोप :
प्रचलित पट्ट्या टाकून द्याव्यात, असे येथे सुचवायचे नाही. तुलनात्मक संशोधनास त्या आवश्यकच आहेत. त्यांना स्थानिक कामांविषयीच्या मोजक्या मराठी प्रश्नांची पुरवणी जोडावी, एवढेच अपेक्षित आहे. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली. तेथील वैद्यकीय अध्यापक आणि जिल्ह्यातील समाजशास्त्र, गृहविज्ञान व मराठीचे प्राध्यापक यांनी मिळून अशी प्रश्नावली तयार करणे शक्य आहे. श्रेणी गाठीचे निदान पूर्ण करते. रुग्णाच्या जगण्याचे आकलन मात्र त्यानंतर सुरू होते.