चार क्षारांचा समुद्र

इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस म्हटले की जाणकारांना आठवते ते त्याचे १८५४ सालचे ‘द अक्वेरियम’ हे देखणे पुस्तक. रंगीत शिळाछापाची चित्रे, वेमथच्या उपसागरात जोना फाउलर या खलाशाबरोबर केलेल्या सफरी, जाळ्यातून वर आलेल्या जिवांची पानेच्या पाने वर्णने. त्या पुस्तकाचे कौतुक झाले ते योग्यच झाले. मला मात्र पुढच्या वर्षी निघालेली त्याची लहानशी पुस्तिका, ‘अ हँडबुक टू द मरीन अक्वेरियम’, अधिक मोलाची वाटते. घरात पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची, पोवळ्यांची टाकी मांडायला निघालेल्या माणसाने दुकानाची पायरी चढण्याआधी ती वाचावी. तिच्यातली साधने आज कुणी वापरत नाही. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

हा क्रम शीर्षकपानावरच लागतो. टाकी बांधणे, ती वसवणे, ती राखणे, आणि सरतेशेवटी वनस्पती व प्राणी गोळा करणे, असा पुस्तिकेचा विषय तिथे सांगितला आहे. गोळा करणे शेवटी! गॉस स्वतः हातोडी-छिन्नी घेऊन ओहोटीच्या खडकांवर रमणारा माणूस. त्याचा सगळा आनंद त्या गोळा करण्यात होता. तरीही वाचकासाठी लिहिताना त्याने आपला आनंद मागे ठेवला आणि पाणी पुढे घेतले. आपल्याकडे टाकी घेणारा नेमका दुसऱ्या टोकाला सुरुवात करतो. केशरी-पांढरा क्लाउनफिश मनात भरतो, त्याला घर म्हणून समुद्रफूल हवेसे वाटते, मग त्या दोघांना मावेल अशी काचपेटी शोधली जाते, आणि पाण्याचा विचार पेटी घरी आल्यावर होतो.

पुस्तिकेतली सर्वांत वाचनीय जागा माझ्या मते कृत्रिम समुद्रजलाच्या कृतीची. तिची पार्श्वभूमी अशी. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि काचेआडचा समुद्र पाहिलेल्या लोकांना तो आपल्या दिवाणखान्यात हवासा वाटू लागला. पण लंडनपासून समुद्र लांब. खारे पाणी पिंपांत भरून आणायचे म्हणजे खर्च आला, खटाटोप आला. गॉसने ब्रायटनजवळच्या समुद्रजलाचे श्वाइट्झर या रसायनतज्ज्ञाने केलेले रासायनिक पृथक्करण समोर ठेवले आणि त्यावरून घरी करता येईल असे पाणी बेतले. १८५४ मध्ये ‘ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’त ते प्रसिद्ध झाले, तेच पुढे पुस्तिकेत आले. साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, दोनशे ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड, चाळीस ग्रेन पोटॅशियम क्लोराइड, आणि चार क्वार्टांहून जरा कमी पाणी. आजच्या मापात मीठ सुमारे ९९ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ७, मॅग्नेशियम क्लोराइड १३ आणि पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅमच्या आसपास.

इथे गॉसची भाषा कशी बदलते ते पाहावे. समुद्रफुलांचे वर्णन करताना विशेषणांनी ओसंडून वाहणारा, पानोपानी परमेश्वराच्या करणीचे गुण गाणारा हा लेखक कृतीपाशी आला की एकदम कोरडा होतो. मीठ, माप, पाणी. मला ही कोरडी जागा त्याच्या सगळ्या रंगीत वर्णनांपेक्षा भारावून टाकते. समुद्राएवढी गोष्ट चार पुड्यांत बांधण्याचे धाडस तो करतो आणि त्याचा डौल मिरवत नाही. पुढे लंडनमधल्या औषधविक्रेत्याकडे हे मिश्रण तयार मिळू लागले. आज दुकानातून आपण जी सागरी मिठाची बादली उचलतो, तिचे मूळ या पानात आहे.

आता त्या पृथक्करणातले काय गाळले आहे ते पाहू. रसिकाने थांबायची जागा ही. श्वाइट्झरच्या यादीत चार नव्हे, सात क्षार होते. मॅग्नेशियम ब्रोमाइड आणि कॅल्शियम कार्बोनेट गॉसने सोडले, कारण त्यांचे प्रमाण अगदीच नगण्य. कॅल्शियम सल्फेटही सोडले, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि प्रमाणही थोडे. म्हणजे चुना गेला. चार ओळींत दिलेली ही कारणे तेव्हाच्या समजुतीला धरून आहेत, आणि समुद्रफुले, शेवाळे, पाण्यातले किडे यांचे या पाण्यात बरे चालले, असे तो नोंदवतो. समुद्रफुलाला हाड नाही, कवच नाही. त्याला चुन्याची ओढ नसते.

माझा तर्क असा की त्याने गाळलेला चुना त्याच्या टाकीत न सांगता परत आला असणार. लंडनच्या परिसरात जमिनीखाली चुनखडी आहे आणि तिथले पाणी जड असते. कृतीतल्या त्या साध्या पाण्यातून चुना मुकाट येत होता. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाच्या मृदू पाण्यात हीच कृती केली तर हा छुपा हातभार मिळणार नाही. शिवाय पोवळ्यांच्या टाकीसाठी आपण नळाचे पाणी वापरतच नाही. क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी नळीतले तांबे, हे सगळे टाळायला पाणी आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) आणि डीआय (आयन काढून टाकणाऱ्या) गाळण्यांतून काढतात आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले की मगच मीठ घालतात. त्या शून्यात गॉसचे चार क्षार टाकले, तर पोवळ्याला घर बांधायला कणही उरत नाही. दगडी पोवळे आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा रचते. म्हणून आजच्या टाकीत लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, १२५० ते १३५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि आठ-नऊ डीकेएच अल्कलिनिटी राखावी लागते. गॉसने क्षुल्लक म्हणून जे सोडले, तिथूनच पोवळ्यांची टाकी सुरू होते. समुद्रफुलांची टाकी आणि पोवळ्यांची टाकी यांतला भेद इतका नेमका मला कुठल्या तक्त्याने शिकवला नाही. तो या गाळलेल्या क्षारांनी शिकवला.

पाणी झाले, की गॉस वाचकाला थांबवतो. आधी दगडासकट हिरवे शेवाळ ठेवा, काही दिवस जाऊ द्या, मग प्राणी आणा. दगडासकट का, तर समुद्री शेवाळाला मुळे नसतात. ते खडकाला नुसते चिकटलेले असते, खरवडून आणले तर मरते, म्हणून खडकाची ढलपीच काढायची. प्राण्याने सोडलेला वायू वनस्पती घेते आणि वनस्पतीने दिलेला प्राणवायू प्राणी घेतो, अशी त्याची उपपत्ती. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यात दाखवलेला हा समतोल गॉसने खाऱ्या पाण्यात आणला. उपपत्ती खोटी नव्हती, अर्धी होती. त्या ढलपीवर शेवाळाबरोबर जिवाणूही येत होते. नायट्रीकरण करणारे जिवाणू विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने वेगळे काढले ते १८९० च्या सुमारास, म्हणजे गॉसच्या निधनानंतर. जिवंत दगडाची ढलपी नव्या टाकीत विरजणासारखे काम करते: माशाच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे जातात. गॉसची काही दिवसांची वाट आपल्या हिशेबाने अपुरीच. पण तिची दिशा बरोबर आहे, आणि पहिली टाकी मांडणाऱ्याला दिशा आधी लागते. रिकाम्या टाकीकडे पाहत महिना-दीड महिना रोज अमोनियाची चाचणी करणे कुणालाही जड जाते. तेवढे झेपले की पुढची पुष्कळ दुःखे टळतात.

जिवंत दगडावर भिस्त ठेवण्याची ही वाट पुढे जाकार्तात ली चिन एंग याने पुन्हा उजळली. दगड, समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर तो पोवळी जगवत असे. १९६१ मध्ये त्याने ती पद्धत लेखातून मांडली. बर्लिनमधल्या शौकिनांनी तिला प्रोटीन स्किमरची जोड दिली, आणि आजची घरगुती टाकी साधारण त्या मार्गाने चालते.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन-अडीचशे लिटरांची टाकी छोट्या टाकीपेक्षा सोपी, कारण जास्त पाणी चुका पोटात घालते. फेस काढून घाण बाहेर टाकणारा स्किमर, पाणी हलते ठेवणारे पंप, बेताचे एलईडी दिवे, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. मीठ बादलीत वेगळे ढवळून ३५ भाग प्रति हजार, म्हणजे १.०२६ विशिष्ट गुरुत्व, जुळले की मगच ते टाकीत ओतायचे. युरोपीय पुस्तकांत हीटरवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. मुंबई-कोकणात प्रश्न उलटा. उन्हाळ्यात टाकीचे पाणी तिशीपार जाते, पोवळ्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले निघून जातात आणि पोवळे पांढरे पडते. इथे चिलरचा खर्च पहिल्या यादीतच धरावा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप माशांचा जीव वाचवतो. बाष्पीभवनाबाबत मात्र गॉसचा नियम आजही तसाच: पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरायची.

गॉसच्या लेखणीचे खरे सुख जिथे निरीक्षण आणि उपयोग एक होतात तिथे मिळते. काचेवर शेवाळ धरते, ते खायला पेरिविंकल नावाची छोटी समुद्री गोगलगाय ठेवावी, हा साधा सल्ला. पण तो देता देता गॉस काचेला डोळा लावतो आणि त्या गोगलगाईची जीभ दाखवतो. तोंड उघडते, जीभ बाहेर येते, एक घास खरवडून आत जाते, मान थोडी वळते, पुन्हा तेच. मागे काचेवर राहणाऱ्या खुणांत त्याला गवत कापणाऱ्याच्या विळ्याचे सपकारे दिसतात. आजच्या टाकीत हे काम टर्बो गोगलगाई करतात. दिवे मालवल्यावर टॉर्च तिरपा धरून काचेकडे पाहिले, की हिरव्या थरावर तशाच नागमोडी पट्ट्या उमटलेल्या दिसतात, आणि गॉसचे ते वाक्य किती अचूक बघून लिहिलेले आहे ते कळते. सफाईचे साधन म्हणून आणलेल्या जिवाकडेही तो जीव म्हणूनच पाहतो. पुस्तिकेची उंची मला या नजरेत दिसते.

तिच्यावर एक सावलीही आहे, ती लपवून रसग्रहण करता येणार नाही. ही पुस्तके इतकी वाचली गेली की इंग्लंडच्या किनाऱ्यांवर हातोड्या घेऊन माणसे लोटली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मधल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात लिहिले आहे की खडकांतल्या त्या डबक्यांचे सौंदर्य पार उजाड झाले, आणि आपल्या पुस्तकांमुळे हे घडले याची वडिलांना फार बोचणी होती. पुस्तिकेच्या शेवटच्या भागातले गोळा करण्याचे उत्साही तपशील हे माहीत असताना वाचवत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न कायद्यानेच सोडवलेला आहे. २००१ पासून दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकांतले असो वा विजयदुर्गासमोर खोल समुद्रात पसरलेल्या आंग्रिया बँकेवरचे, पोवळे उचलणे गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आंग्रिया बँकेसारखे वैभव आपल्याच समुद्रात आहे, हे महाराष्ट्रात अजून कितीतरी जणांना ठाऊक नाही. इथे पहिली टाकी मांडणाऱ्याने ती दगडी पोवळ्यांविना आखावी, विक्रेत्याने दाखवलेल्या प्रत्येक जिवाचे मूळ विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर रिकाम्या हाताने परतावे. चिलर, स्किमर, जिवंत दगडाऐवजी कोरडा दगड आणि बाटलीतले जिवाणू, टाकीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी: एवढ्याने उत्तम टाकी उभी राहते.

पुस्तिकेच्या जोडीने १८५९ सालचा एक निबंध जरूर वाचावा. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून लंडनला जिवंत पोवळी आणली आणि घरात काचेच्या भांड्यांत जगवली. गॉसच्या कृतीच्या कितीतरी आधी. त्यांचे पाणी खरे समुद्राचे होते, चुन्यासकट. त्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे, आणि आजचा प्रवाहपंप करतो ते सगळे तिचे हात करत होते. बरणीतली पोवळी एकाची अनेक कशी होतात, हे थिनबाईंनी वर्षानुवर्षे पाहिले आणि लिहून काढले. किनारा न ओरबाडता पोवळी वाढवण्याची शक्यता या लिखाणात आहे. तो निबंध ‘ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’तच छापला गेला, आणि त्याला टिपा गॉसने लिहिल्या.