लोखंडाचा विलाप

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या हाती एक सीडी ठेवली. हा तरुण फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करतो आणि आमच्या गायकवृंदात खर्जाच्या ओळीत उभा राहतो. "फादर, ही ऐका, पण सुरुवातीलाच बंद करू नका," एवढीच त्याची विनंती होती. ती आम्ही पाळली नाही. तिसऱ्या मिनिटाला पत्रा फरफटत नेल्यासारखा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून मावशी धावत आल्या आणि मिक्सर जळाला की काय, असे विचारू लागल्या. सीडी कपाटात गेली ती पवित्र आठवडा तोंडावर येईपर्यंत तेथेच राहिली.

ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत अशा वाचकांना हा अनुभव अपरिचित नसावा. बंद दाराआडून येणाऱ्या ज्या आवाजाला आपण सरसकट धिंगाणा म्हणतो, त्यातील एका प्रांताला पाश्चात्त्य देशांत 'इंडस्ट्रियल' संगीत असे नाव आहे. त्याच्या शेजारच्या, आणखी उजाड प्रांताला 'नॉईज', म्हणजे निखळ गोंगाट, असेच म्हणतात. वाचकहो, या लेखात आम्ही त्या संगीताची शिफारस करणार आहोत. सगळ्याची नव्हे, पण त्यातील एका कृतीची तरी, आणि तीही मनापासून.

प्रथम आमच्या कानांची घडण सांगितली पाहिजे. संगीत म्हणजे सुव्यवस्था, असा संस्कार सेमिनरीत आमच्यावर झाला. ग्रेगोरियन गायनाची एक ओळ शुद्ध यावी म्हणून आमच्या गुरुजनांनी आमच्याकडून ती चाळीस वेळा म्हणवून घेतली आहे. संत दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी काढलेल्या आदेशपत्रात चर्चमध्ये पियानोला मज्जाव केला होता आणि त्याच ओळीत ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांनाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पुष्कळ वाद्ये आत आली हे खरे. परंतु कानाला लागलेले वळण परिपत्रकाने बदलत नाही.

त्या आदेशपत्रानंतर दहाच वर्षांनी, ११ मार्च १९१३ रोजी, इटलीतील लुइजी रुसोलो या चित्रकाराने 'गोंगाटाची कला' या नावाने एक जाहीरनामा लिहिला. त्याचे वडील कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवीत असत, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. रुसोलोचे म्हणणे असे की, यंत्रे आली आणि माणसाच्या कानाभोवतीचे जगच बदलले. तेव्हा संगीताने व्हायोलिनच्या चार सुरांत अडकून न राहता घरघर, कर्कशता, स्फोट हेही आपलेसे करावे. त्यासाठी त्याने कर्णा लावलेल्या, दांड्याने फिरवावयाच्या पेट्या बनविल्या आणि १९१४ साली मिलान येथे त्यांचा कार्यक्रम केला. श्रोत्यांनी आरडाओरडा करून त्या गोंगाटात आपली भर घातली. इथपर्यंत सारे गमतीचे आहे. परंतु रुसोलो ज्या 'फ्यूचरिस्ट' मंडळींतला होता, त्यांनी १९०९ च्या आपल्या पहिल्याच जाहीरनाम्यात युद्धाचा गौरव केला होता, आणि रणभूमीवरील तोफांचा आवाज रुसोलोलाही मोहक वाटत होता. पुढे तो स्वतः युद्धावर गेला आणि १९१७ साली डोक्याला जबर जखम होऊन परतला. या कलेचा पाळणा युद्धाच्या कौतुकाने हलला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

'इंडस्ट्रियल' हे नाव मात्र बरेच नंतरचे. १९७५ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने पुढील वर्षी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची आपली कंपनी काढली आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला. या गटाची शिफारस आम्ही करीत नाही. त्या कंपनीचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी ऑश्विट्झच्या छळछावणीतील दहनभट्टीचे छायाचित्र वापरले. समाजाला त्याचेच खरे रूप दाखविण्याचा हेतू होता, असे समर्थन केले जाते. असेलही. परंतु ज्या छावणीत १९४१ साली संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी दुसऱ्याच्या जागी मरण पत्करले, तिचे चित्र तबकडीवरील शिक्का होऊ शकते हे आमच्या गळी उतरत नाही. याउलट लंडनच्या टेस्ट डिपार्टमेंट या गटाने भंगारातील लोखंड बडवीत १९८४-८५ च्या संपातील दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांच्या गायकवृंदासह जी तबकडी केली, ती कोणत्याही ख्रिस्ती घरात निःशंकपणे वाजवावी. तेथे लोखंड आणि माणूस एकाच बाजूला उभे आहेत.

आता कपाटातील सीडीकडे वळू. ती आईनश्टुरत्सेंडे नॉयबाउटेन या जर्मन गटाची आहे. 'कोसळणाऱ्या नव्या इमारती' असा त्या नावाचा अर्थ. १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये हा गट सुरू झाला. त्यांच्या वादकाने ड्रम विकून टाकले आणि त्यांच्या जागी पत्रे, स्प्रिंगा, बांधकामावर पडलेले लोखंड आणले. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे त्यांची शैली झाली. १९८४ साली लंडनच्या एका कलासंस्थेत यंत्रांनी रंगमंचच फोडायला निघालेला एक कार्यक्रम झाला, त्यातही या गटाचे लोक होते. हा पूर्वेतिहास वाचून आमचे मत अधिकच प्रतिकूल झाले होते, हे कबूल करतो.

'लामेंट', म्हणजे विलाप, ही त्यांची कृती २०१४ सालची. बेल्जियममधील डिक्समाउडे हे छोटे शहर १९१४ च्या ऑक्टोबरात आयझर नदीकाठच्या लढाईत बेचिराख झाले होते. युद्धाच्या शताब्दीनिमित्त तेथे सादर करण्यासाठी ही रचना करवून घेण्यात आली. त्याच ऑक्टोबरात, तेथून जवळच ईप्रच्या आघाडीवर, आपल्या देशाचे सैनिकही थंडीत चिखलात उभे होते.

या कृतीत एक भाग निव्वळ हिशेबाचा आहे. प्लास्टिकच्या लांब नळ्या घेतल्या आहेत. एक नळी म्हणजे एक देश, आणि एक ठोका म्हणजे युद्धाचा एक दिवस. मिनिटाला १२० ठोके. जो देश युद्धात उतरेल त्याची नळी त्या दिवशी वाजू लागते, जो बाहेर पडेल त्याची थांबते. वाचकांनी गुणाकार करून पाहावा: २८ जुलै १९१४ ते ११ नोव्हेंबर १९१८ हे सुमारे १,५६८ दिवस, म्हणजे तेरा मिनिटांहून थोडे अधिक. येथे ना रडणे आहे ना तोफांची नक्कल. एखाद्या शववाहिकेमागे चालताना पावले मोजावीत तसे आम्ही ऐकत बसलो, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला, अजून अर्धे युद्ध बाकी आहे, या जाणिवेने खरोखर थकून गेलो. इतिहासाच्या पुस्तकाने आम्हांला असे कधी थकविले नव्हते. आणखी एका भागात काटेरी तारेची वीणा केली आहे आणि तिच्यावर खंदकातील माणसाचे शब्द गायिले आहेत. ज्या तारेत माणसे अडकून मेली तीच तार बोटाने छेडलेली ऐकणे सुखद नाही; ते सुखद असावे अशी अपेक्षाही नाही.

पण ज्या भागाने आमचे मत फिरविले तो उत्तरार्धात आहे. त्याचे नाव 'पातेर पेक्कावी'. सोळाव्या शतकातील फ्लेमिश संगीतकार क्लेमेन्स यांचे या नावाचे एक लॅटिन गीत आहे. (या गृहस्थांना लोक 'नॉन पापा', म्हणजे 'पोप नव्हे तो' क्लेमेन्स म्हणत, का, याविषयी विद्वानांचे आजवर एकमत नाही.) त्यांचे नाव डिक्समाउडेशी जोडले जाते. उधळ्या पुत्राने बापाजवळ दिलेली पापाची कबुली, हा त्या गीताचा विषय. नॉयबाउटेनने ते संथ, जणू गोठलेल्या तंतुवाद्यांवर घेतले आहे, आणि त्यावर खरखरीतून काही माणसांचे आवाज येतात. वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळे हेल. परंतु प्रत्येक जण काहीतरी सांगत आहे, गात नाही.

हे आवाज युद्धकैद्यांचे आहेत. १९१५ ते १९१८ या काळात जर्मन पंडितांच्या एका आयोगाने छावण्यांतील कैद्यांच्या भाषा ध्वनिमुद्रित केल्या. तो संग्रह बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात आहे; बर्लिनजवळच्या व्युन्सडोर्फ छावणीतील हिंदी सैनिकांचे आवाजही त्यात आहेत. बोलींची तुलना सोपी जावी म्हणून पुष्कळांकडून एकच मजकूर म्हणवून घेत: संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. ही पद्धत आपल्याला परकी नाही. ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांचे जे सर्वेक्षण केले, त्यातही बोलींचे नमुने म्हणून हाच दाखला भाषांतरित करून घेतला होता. त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला; ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांची बोली त्यात 'किरिस्ताव' या नावाने वेगळी नोंदली आहे.

पंडितांना व्याकरण हवे होते. म्हणून त्यांनी घरापासून शेकडो कोस दूर, काटेरी कुंपणाआड बसलेल्या मुलग्यांना, घरी परतणाऱ्या मुलाची गोष्ट यंत्रासमोर म्हणावयास लावली. त्यांतील किती जण घरी पोहोचले, किती जणांचे बाप वाटेकडे डोळे लावून तसेच गेले! तीस वर्षे आम्ही या दाखल्यावर प्रवचन करीत आलो आहोत. या खरखरणाऱ्या आवाजांनी तो आम्हांस पहिल्यांदाच परक्याच्या तोंडून ऐकविला.

त्या रात्री आम्हांला जुन्या पवित्र आठवड्यातील तिनिब्रे विधीची आठवण झाली. यिर्मयाची विलापगीते गात एकेक मेणबत्ती विझवीत जात. शेवटची जळती मेणबत्ती वेदीमागे लपवीत, आणि काळोखात सारे जण पुस्तके, हात बाकांवर आपटून गलका करीत. लॅटिनमध्ये त्याला 'स्ट्रेपितुस', म्हणजे गोंगाट, हाच शब्द आहे. प्रभूच्या मरणाच्या वेळी झालेल्या भूकंपाची ती खूण. पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर घंटा मुक्या होतात आणि त्यांच्या जागी लाकडाची खटखट होते, ते आजही आपण पाळतो. म्हणजे ज्या चर्चने झांजांना दाराबाहेर ठेवले, त्याच चर्चला वर्षातून एकदा सूर अपुरा पडतो आणि गोंगाट जवळ करावा लागतो, हे आम्हांस ठाऊक होते. लक्षात आले नव्हते. रुसोलोने रणभूमीचा आवाज कौतुकाने ऐकला. शंभर वर्षांनी त्याच्याच वंशातील लोकांनी तो विलाप म्हणून वाजविला, आणि आमच्या मते तेव्हा कुठे ही कला जाणती झाली.

कृतीत उणेपणा नाही असे नाही. कैसर विल्हेल्म आणि झार निकोलस या दोन नातलगांनी युद्धाच्या उंबरठ्यावर एकमेकांना केलेल्या तारांचे गाणे केले आहे. त्यातील कृत्रिम केलेले आवाज आणि उपहास आम्हांस उथळ वाटले. अखेरीकडील एका परिचित शांतिगीतात भावविवशता आहे. आणि सुरुवातीचा यंत्रांचा भाग रंगमंचावर पाहावयाचा आहे. घरी नुसत्या कानाला तो जाचतो. मावशींचे काही चुकले नव्हते.

म्हणून ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी क्रम उलटावा. आधी कैद्यांचे आवाज, मग नळ्यांचा हिशेब, मग तारेची वीणा, आणि शेवटी, जमल्यास, पहिला भाग. आवाज बेताचा ठेवावा. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर हेडफोन लावावा. आणि घरातील मुलगा असले काही ऐकत असेल तर दार बंद करण्यापूर्वी त्याच्याशेजारी तेरा मिनिटे बसून पाहावे.

सीडी परत करावयास आम्ही त्या तरुणाला बोलाविले, तेव्हा साक्रिस्तीत टेबलावर ती लाकडी फळी पडली होती, जिची लोखंडी कडी आपटून आपण घंटेऐवजी आवाज करतो. कडी निखळली होती. त्याने ती न विचारताच कारखान्यात नेली आणि पवित्र गुरुवारी संध्याकाळी, मिस्सेला अर्धा तास असताना, जोडून आणली.